यशवंतरावांचे मत कुठे नोंदले आहे?

३ जुलै २०२३, गुरुपौर्णिमा. आदल्या दुपारी अजित पवारांनी आठ सहकाऱ्यांसह राजभवनात शपथ घेतली होती आणि राष्ट्रवादी काँग्रेस उभी फुटली होती. दुसऱ्या दिवशी शरद पवार निघाले ते कऱ्हाडला, प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना जिथे अगदी समोरासमोर येऊन मिळतात, त्या काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथे त्यांनी फुले वाहिली आणि पक्ष पुन्हा उभा करू, असे सांगितले. त्याआधी २०१९ मध्ये पहाटेचा शपथविधी झाला, त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांच्या पुण्यतिथीलाही ते तिथेच होते.

महाराष्ट्रात पक्ष कोणाचाही फुटो, फुले कऱ्हाडलाच जातात. फुटलेले येतात आणि फोडणारेही येतात. १९७८ च्या जुलैत वसंतदादांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री झालेले शरद पवार यशवंतरावांचेच मानसपुत्र म्हणवले जात. त्या बंडाला यशवंतरावांची संमती होती की नव्हती, यावर आजही पैजा लागतात. 'खंजीर' हा शब्द तेव्हा जो बाहेर आला, तो पुन्हा म्यानात गेलेला नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे निष्ठेचे पीक भरघोस आले आहे. निष्ठा यात्रा निघाली. चौकाचौकांत 'निष्ठावंत' असे लिहिलेले फ्लेक्स लागले. विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके' घुमले. पण एखादा पुढारी निष्ठावंत आहे की नाही हे मोजायचे कशाने, असे विचारले तर उत्तर येते ते आपापल्या पक्षाच्या सोयीने. संसदीय लोकशाहीत याला एक ढोबळ पण प्रामाणिक माप असते: या माणसाने सभागृहात कोणत्या विषयावर, कोणाच्या बाजूने मत दिले, आणि पक्षाचे म्हणणे पटले नाही तेव्हा काय केले. ज्यांच्या समाधीवर सगळेच डोके टेकवतात, त्या यशवंतरावांना हे माप लावून पाहावे म्हणून मी बसलो. हाती जे लागले त्याने यशवंतरावांपेक्षा आपल्या व्यवस्थेबद्दलच जास्त कळले.

यशवंतराव १९४६ मध्ये मुंबई विधिमंडळात निवडून गेले आणि १९८४ मध्ये गेले तेव्हा लोकसभेचे सदस्य होते. अडतीस वर्षांचा हा हिशेब. त्यात मुख्यमंत्रिपद आले, आणि दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी चारही मोठी खाती आली. विरोधी पक्षनेतेपद आले, अखेरीस उपपंतप्रधानपदही आले.

त्यांच्या निष्ठेची पहिली मोठी परीक्षा संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची तर मी नेहरूंबरोबर जाईन, अशा आशयाचे ते बोलले आणि महाराष्ट्राने त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवले. त्याच सुमारास चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. एकाने पद फेकले, दुसरा पक्षाला चिकटून राहिला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिकाचा मुख्यमंत्री झाला. सभांतल्या टाळ्या देशमुखांना मिळाल्या, आणि त्या त्यांच्या हक्काच्याच होत्या. पण १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला त्यात रस्त्यावरच्या आंदोलनाइतकाच, आत राहून दिल्लीला पटवत राहिलेल्या माणसाचाही वाटा होता, हे आता त्यांचे विरोधकही मानतात. पक्षनिष्ठा म्हणजे लाचारीच, असे सरसकट म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. मात्र ही सगळी परीक्षा झाली ती पक्षाच्या बैठकांत आणि जाहीर सभांत. सभागृहातल्या मतदानाच्या यादीवरून तुम्हाला त्यातले काहीही कळणार नाही.

दुसरी परीक्षा १९६९ ची. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवायचा होता. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. यशवंतराव केंद्रात गृहमंत्री, इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळातले सर्वांत वजनदार नाव, पण त्यांनी मत दिले संजीव रेड्डींना. रेड्डी पक्षाचे अधिकृत उमेदवार झाले. मग इंदिराबाईंनी खासदार-आमदारांना विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असे सांगितले आणि ऑगस्टमध्ये व्ही. व्ही. गिरी निवडून आले. गिरींना ४,२०,०७७ मूल्याची मते, रेड्डींना ४,०५,४२७. भारतीय लोकशाहीतले 'अंतरात्म्याच्या आवाजा'चे हे सर्वांत गाजलेले मतदान, आणि ते गुप्त होते! कोणाचा अंतरात्मा कोणत्या दिशेने बोलला, ते मतपेटीलाच ठाऊक. नोव्हेंबरमध्ये पक्ष फुटला तेव्हा यशवंतराव इंदिराबाईंबरोबर राहिले. पुढच्याच वर्षी गृह खाते गेले आणि अर्थ खाते आले. राजकारणातल्या शिक्षेची ही एक खास पद्धत, बढतीसारखी दिसणारी.

तिसरी परीक्षा सर्वांत चमत्कारिक. १९७८ च्या जानेवारीत काँग्रेस पुन्हा फुटली. या वेळी यशवंतराव इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला, ब्रह्मानंद रेड्डींबरोबर. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारवर त्यांनी अविश्वासाचा ठराव आणला. चर्चा सुरू झाली आणि मतदान व्हायच्या आत, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. २८ जुलैला चरणसिंगांचे सरकार आले, यशवंतराव उपपंतप्रधान झाले. इंदिराबाईंनी पाठिंबा काढला आणि हे सरकारही लोकसभेला तोंड न दाखवता २० ऑगस्टला गेले. म्हणजे पाहा, एक पंतप्रधान पाडणारा ठराव आणला, त्यावर मतदान नाही. दुसऱ्या पंतप्रधानाच्या मांडीला मांडी लावून सरकारात बसले, त्या सरकारवरही मतदान नाही. ज्या दोन महिन्यांवरून इतिहास त्यांना सर्वांत कडक प्रश्न विचारतो, त्या दोन महिन्यांत त्यांच्या नावापुढे होकार किंवा नकाराची एकही खूण नाही.

१९८० मध्ये ते साताऱ्यातून काँग्रेस (अर्स) या इंदिराबाईंपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. महाराष्ट्रातून त्या पक्षाचे ते एकटेच. १९८१ मध्ये इंदिरा काँग्रेसमध्ये परत गेले. गेले म्हणण्यापेक्षा, त्यांना परत येऊ दिले गेले. ज्याने एकेकाळी देशाचे संरक्षण सांभाळले त्याला दारात तिष्ठत उभे राहावे लागले, ही सल साताऱ्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. १९८२ मध्ये त्यांना आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष केले. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले.

त्यांना 'कुंपणावरचे' म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला ते पूर्ण पटत नाही, आणि पूर्ण खोडताही येत नाही. १९५६ चे त्यांचे थांबणे मला धोरणी वाटते. १९७९ चे उपपंतप्रधानपद मला आजही समजत नाही. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते आणि मंत्रिमंडळ सोडले नाही, हे तर कोणत्याही मोजपट्टीवर उणेच धरावे लागेल.

आता योगायोग पाहा. पक्षांतराच्या रोगावर औषध शोधायला देशाने पहिली समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच यशवंतराव.

१९६७ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत सरकारे पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत होती. हरियाणात हसनपूरचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्याच्या आत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग देशाला देऊन टाकला. डिसेंबर १९६७ मध्ये लोकसभेने ठराव केला आणि गृहमंत्री चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, सेटलवाड अशी माणसे तिच्यात होती. १९६९ मध्ये अहवाल आला. त्यातला एक आकडा मला सगळ्या अहवालाहून बोलका वाटतो. निरनिराळ्या राज्यांतल्या २१० पक्षांतर करणाऱ्या आमदारांपैकी ११६ जण, आपल्या पक्षांतराने जी सरकारे आणायला मदत केली त्याच सरकारांत मंत्री झाले होते.

निम्म्याहून जास्त! आणि जे राहिले त्यांच्यातल्या कितींना महामंडळे मिळाली असतील, ते वेगळेच. समितीने बरोबर जागी बोट ठेवले होते. पक्षांतर विचारांतून होत नाही, लाल दिव्यासाठी होते. म्हणून समितीने सुचवले की पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर, किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद मिळू नये, आणि मंत्रिमंडळाच्या आकारालाही मर्यादा असावी. थोडक्यात, गुळाची ढेप उचलून फडताळात ठेवा, मुंगळे आपोआप जातील.

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने ५२ वी घटनादुरुस्ती आणली, तिने ढेप जागच्या जागी ठेवली आणि मुंगळ्यांना दोरी बांधली. घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्षाने दिलेल्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. विषय कोणताही असो. सरकार पडण्याचा प्रश्न असो की जहाजवाहतुकीच्या विधेयकातली एखादी दुरुस्ती असो, व्हिप निघाला की मान खाली. आणि एक-तृतीयांश आमदार-खासदार एकत्र फुटले तर मात्र ती फूट, पक्षांतर नव्हे. किरकोळ विक्रीला बंदी, घाऊक व्यापार खुला. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांशाची सवलत काढली, पण दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाला पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली आणि अपात्र ठरलेल्याला मंत्रिपद नाही, अशी तरतूद केली. चव्हाण समितीचे म्हणणे चौतीस वर्षांनी ऐकले गेले, तेही अर्धेच. अपात्र 'ठरलेल्याला' बंदी. ठरवणार कोण? विधानसभेचा अध्यक्ष. तो कोणाचा? ज्यांच्याकडे बहुमत, त्यांचा.

यशवंतराव हा कायदा होण्याच्या दोन महिने आधी गेले. पण कल्पना करा की तो त्यांच्या हयातीत लागू असता. १९६९ चे बंगळूरचे मत पक्षाच्या मंडळातले, कायद्याला त्याच्याशी घेणेदेणे नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला व्हिप चालत नाही. १९७८ ची फूट एक-तृतीयांशाच्या सवलतीत आरामात बसली असती. १९७९ चा अविश्वास ठराव त्यांच्याच पक्षाचा. मग कायद्याने त्यांना पकडले असते ते कुठे? १९८१ मध्ये. म्हातारपणी, सगळे गमावून, एकटेच जुन्या घरी परत निघालेल्या माणसाची खासदारकी या कायद्याने काढून घेतली असती. सरकारे पाडली-घडवली त्याबद्दल काही नाही, घरवापसीबद्दल मात्र शिक्षा.

मराठीत हा व्हिप काढणाऱ्याला आपण प्रतोद म्हणतो. शब्द जुना आहे, अर्थ बैलाला टोचायची काठी किंवा चाबूक. २०२२ पर्यंत तो शब्द विधानभवनाच्या बाहेर फारसा कोणाला माहीत नव्हता. मग एकाच शिवसेनेचे दोन प्रतोद झाले, भरत गोगावले आणि सुनील प्रभू, आणि चहाच्या टपरीवरही व्हिप कोणाचा चालणार यावर चर्चा रंगल्या. ३ आणि ४ जुलै २०२२ ला विधानसभेत शिरगणती झाली. एकेक आमदार उभा राहून आपला क्रमांक मोठ्याने म्हणायचा. टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिले. काही जण उभे राहिले की विरोधी बाकांवरून 'ईडी, ईडी' असा ओरडा व्हायचा. देवेंद्र फडणवीसांनी नंतर त्या ओरड्याचाच विनोद केला, होय, हे ईडीचे सरकार आहे, एकनाथ आणि देवेंद्रचे. विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी मंजूर झाला.

त्या दोन दिवसांत दोन्ही गटांनी व्हिप काढले आणि दोन्ही गटांच्या आमदारांनी समोरच्याचा व्हिप धाब्यावर बसवला. कायद्याच्या साध्या वाचनाने निदान एका बाजूची तरी आमदारकी जायला हवी होती. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, आणि गोगावलेंच्या नेमणुकीला दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. तरी निर्णय अध्यक्षांकडेच राहिला. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल वाचला. शिवसेना शिंदेंची, गोगावलेंचा व्हिप खरा, आणि अपात्र मात्र कोणीच नाही. ना इकडचे, ना तिकडचे. महिनाभराने राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच. शिवसेनेच्या पंचावन्नपैकी चाळीस आमदार बाजूला गेले, कोणत्याही पक्षात विलीन झाले नाहीत, आम्हीच पक्ष आहोत असे म्हणाले, आणि कायदा खांदे उडवून मोकळा झाला. चाळीस वर्षे ज्या काठीच्या धाकाने एकेकट्या खासदाराने तोंड उघडले नाही, ती काठी कळपासमोर काडीसारखी मोडली.

मतदानाची नोंद हा याच गोष्टीचा दुसरा भाग. आपल्याकडे बहुतेक कायदे आवाजी मतदानाने होतात. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही', होयचे बहुमत, मंजूर. कोणी आव्हान दिले तर मतविभागणी होते. लोकसभेत साडेतीन मिनिटे घंटा वाजते, दारे बंद होतात, आणि प्रत्येकाचे नाव होकार-नकारासह कागदावर येते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मतविभागणी टळत नाही. एरवी ती मागावी लागते, आणि मागूनही मिळेलच असे नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीविषयक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते, उपसभापतींनी ती दिली नाही, गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. शरद पवार त्या दिवशी सभागृहात नव्हते. मराठा आरक्षणाच्या बैठकांसाठी मुंबईत होतो, असे त्यांनी सांगितले, आणि निलंबितांना पाठिंबा म्हणून एक दिवस अन्नत्याग केला. पण असते तरी काय फरक पडला असता? ज्या कायद्यांवरून पंजाब-हरियाणातला शेतकरी पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसला, त्यांच्या बाजूने राज्यसभेत नेमके कोणी मत दिले, याची नावानिशी यादीच नाही.

आपल्या विधानसभेतले उदाहरण याहून झणझणीत. १२ नोव्हेंबर २०१४. भाजपकडे साधे बहुमत नव्हते. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. देवेंद्र फडणवीसांच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणीसाठी ओरडत राहिले. राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांनी त्या क्षणी 'होय' म्हटले, 'नाही' म्हटले की नुसते खाकरले, हे तुम्हाला कधीही कळणार नाही. सरकार राहते की जाते या प्रश्नावरसुद्धा राज्याला नावांची यादी मिळाली नाही!

ब्रिटनमध्ये जेरेमी कॉर्बिन नावाचे खासदार आहेत. १९८३ पासून लंडनच्या इस्लिंग्टन नॉर्थमधून सतत निवडून येतात. १९९७ ते २०१० या काळात त्यांच्याच मजूर पक्षाचे सरकार होते आणि त्या काळात त्यांनी पक्षाच्या व्हिपविरुद्ध ४२८ वेळा मत दिले. इराक युद्धाविरुद्ध दिले, इतर किती गोष्टींविरुद्ध दिले. आकडा नेमका आहे, कारण तिथे घंटा वाजली की आठ मिनिटांत 'होय'च्या किंवा 'नाही'च्या दालनातून चालत जावे लागते आणि नावे छापली जातात. त्यांची खासदारकी एकदाही धोक्यात आली नाही. आपल्याकडे पहिल्याच मतानंतर ते मतदारसंघात पोटनिवडणूक लढवत असते. गंमत अशी की हाच माणूस २०१५ मध्ये पक्षाचा नेता झाला आणि २०१७ मध्ये ब्रेक्झिटच्या विधेयकावर त्याने सक्त व्हिप काढला, तेव्हा त्याच्याच ४७ खासदारांनी तो झुगारला. त्यांना तो कोणत्या तोंडाने रागावणार? पुढे पक्षाने त्याला दूर केले ते मतांसाठी नव्हे, एका वक्तव्यासाठी, आणि २०२४ मध्ये लोकांनी त्याला अपक्ष म्हणून निवडून दिले. कॉर्बिनची मते तुम्हाला आवडोत न आवडोत, इस्लिंग्टनचा मतदार त्याच्याबद्दल जे ठरवतो ते डोळे उघडे ठेवून ठरवतो.

आपल्याकडे असा मोकळा माणूस शोधायला गेलो तर मला शरद जोशी आठवतात. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ असे मंजूर झाले. तो एक म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. त्यांचे मत मला पटले नव्हते, आजही पटत नाही. पण ते नोंदले गेले, त्यांच्या नावावर आहे, आणि त्यावरून मी त्यांच्याशी आजही भांडू शकतो. ते हे करू शकले कारण स्वतंत्र भारत पक्षाचे ते एकटेच खासदार. त्यांच्यावर व्हिप बजावणार कोण? १८६ मध्ये आणखी किती जणांच्या मनात 'नाही' होते, त्याची चर्चा तेव्हा दिल्लीत उघड चालू होती. २०२३ मध्ये तोच विषय लोकसभेत आला तेव्हा ४५४ विरुद्ध २. त्या दोघांतले एक औरंगाबादचे इम्तियाज जलील, आणि त्यांच्या पक्षाचे दुसरे खासदार म्हणजे पक्षाध्यक्ष. आपल्या संसदेत मनातले मत मोजायचे तर पक्ष एका बाकावर मावेल एवढाच हवा, असे दिसते.

यावर नेहमीचा आणि रास्त आक्षेप असा, की व्हिप सैल केला तर खोक्यांचा बाजार भरेल. गयालालांचे दिवस परत येतील. मला हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही. सरकार टिकण्याच्या प्रश्नावर पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्याने पक्षाबरोबर राहिले पाहिजे, यात वाद नाही. पण मग व्हिप तेवढ्यापुरताच ठेवा. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने हेच सांगितले, विश्वास आणि अविश्वासाच्या ठरावापुरता. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण पक्षादेशाचा अर्थ सरकारचा विश्वास किंवा पक्षाचे मूळ धोरण एवढ्यापुरता लावावा, असेही म्हटले. काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी २०१० पासून खासगी विधेयक मांडून पाहिले. प्रत्येक पक्ष विरोधात असतो तेव्हा त्याला हे पटते आणि सत्तेत आला की विसरते.

आणि खोक्यांचे म्हणाल तर, बाजार बंद करायचा मार्ग यशवंतरावांच्या समितीने सांगून ठेवला आहे. ज्याने निवडणुकीनंतर बाजू बदलली, एकट्याने किंवा चाळीस जणांसह, त्याला अध्यक्षांच्या निकालाची वाट न पाहता, पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाही, महामंडळ नाही, काही नाही. गटालाही सवलत नाही. हे आधी करा. मग मतदानाची मोकळीक द्या, आणि प्रत्येक विधेयकाच्या शेवटच्या मतदानाला नावांची नोंद सक्तीची करा. आता तर बाकावरच बटणे आहेत, अर्ध्या मिनिटाचे काम. वेळ जातो हे कारण मला कोणी सांगू नये, ज्या सभागृहात गोंधळात आठवडे वाहून जातात तिथे तर नाहीच. नोंद नसलेली मोकळीक म्हणजे खरोखर बाजार, हे मलाही मान्य आहे. १९६९ चे गुप्त 'विवेकबुद्धी'वाले मतदान त्याचाच नमुना. पण नाव छापून येणार असेल आणि बदल्यात मंत्रिपद मिळणार नसेल, तर मत फिरवण्याची किंमत बरीच घसरते.

आता माझ्या तालुक्याकडे येतो. मध्यंतरी वर्तमानपत्रात घालून आमच्या खासदारांची कार्यअहवाल पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, सगळी पाने रंगीत. पहिल्याच पानावर साहेब संसदेच्या पायरीला वाकून नमस्कार करताना. आत हायमास्ट दिवे, सभामंडप, रेल्वेला थांबा मिळावा म्हणून दिलेली निवेदने, तारांकित प्रश्न किती, हजेरी किती टक्के. मी शेवटपर्यंत चाळली. 'मत' हा शब्द एकदाच भेटला, मलपृष्ठावर, 'आपले अमूल्य मत' मध्ये.

म्हणून संपर्क कार्यालयात गेलो. तिथे एक पोरगा बसला होता, समोर जाड वही. गर्दी होतीच, कोणाला दाखला हवा, कोणाच्या मुलाची बदली. माझी पाळी आली तेव्हा म्हटले, शेतीच्या त्या कायद्यांवर साहेबांनी काय मत दिलं होतं, तेवढं कळलं तर बरं.

"कसलं मत?"

"लोकसभेत. बाजूने की विरोधात?"

"काका, पक्षाबरोबरच असणार की. दुसरीकडं कुठं जाणार?"

"ते ठीक. पण कुठं लिहिलेलं आहे का?"

त्याने जरा माझ्याकडे पाहिले. पोरगा चांगला होता, टोलवाटोलवी करणारा नव्हता. वही पुढे ओढली. रकाने आखलेले होते: नाव, गाव, मोबाइल, काम, खाते. माझे नाव, गाव, नंबर त्याने लिहून घेतला. 'काम'च्या रकान्यात 'चौकशी' लिहिले. मग पेन तसेच धरून म्हणाला, "काका, खातं कुठलं टाकू? महसूल, वीज, पाणीपुरवठा?" मागे दाखल्यावाला खोकला. मी काहीच बोललो नाही तेव्हा त्याने 'इतर' लिहिले आणि पुढच्याला बोलावले.